बाईंची पोरं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी बाईंचं नाव घेतो. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. सटाण्याच्या बाजूचं आमचं गाव. वडिलांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायचं वेल्डिंगचं दुकान. दहावी झाली की मी दुकानात बसायचं हे ठरलेलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही. निकाल लागला त्या दिवशी बाई दुकानात आल्या. अर्धवट जोडलेल्या ट्रॉलीच्या कडेवर बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. वडिलांनी चहा मागवला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, गिऱ्हाइकं येऊन गेली. बाई तिथंच. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "बाई, हाऊ आते तुमना शे. लई जा." म्हणजे हा आता तुमचा आहे, घेऊन जा.

बाईंनी खरंच नेलं. अकरावी-बारावी मी त्यांच्या घरी राहून केली. त्यांचा मुलगा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्याची लोखंडी कॉट रिकामी होती, ती मला मिळाली. पुढे मी नाशिकला बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यात पदवी हा शब्द माझ्याआधी कुणी घरात आणला नव्हता.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं मी रागात लिहिणार आहे. त्यालाही बाईंची एक शिकवण आहे. त्या म्हणायच्या, "राग आला की वाक्यं लहान कर. लांब वाक्यातून राग सांडतो आणि मग तो पुसत बसावा लागतो." प्रयत्न करतो.

निवृत्तीनंतर बाई देवळाली कॅम्पला राहायला आल्या. यजमानांनी बांधलेलं बैठं घर, यजमान आता नाहीत. मागे परसात धुण्याचा दगड आणि त्याला लागून सिमेंटचा हौद. मी नाशिक रोडला खोली घेऊन राहतो, अंबडला औषधाच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करतो. महिन्यातून एखाद्या रविवारी बाईंकडे जेवायला जायचो. परवाच्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला फोन करून बोलावलं.

मला वाटलं सामान बांधायचं असेल. बाई मला हाताला धरून हौदापाशी घेऊन गेल्या. त्यांना तेव्हा एका डोळ्यानं धूसर दिसत होतं. हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर अंतरावर, पांढऱ्या फेसाचा एक गोळा चिकटलेला होता. कपडे धुताना उडालेला साबणाचा फेस सुकावा तसा. मी तो पुसायला हात पुढे केला.

"अं हं," बाई म्हणाल्या. "बेडकीचं घरटं आहे ते. झाडावर राहणारी. काल रात्री फेटत बसली होती."

त्या फेसात अंडी होती. पिल्लं आतच अंड्यातून बाहेर येतात, फेस सैल पडतो आणि ती खाली पाण्यात टपकतात. पाऊस उघडला तर फेस वाळतो आणि सगळं आतल्या आत संपतं. म्हणून उघडीप पडली की बोटांनी पाणी शिंपडायचं. पिल्लं पाण्यात पडली की नळाचं ताजं पाणी घालायचं नाही, बादलीत दोन दिवस ठेवलेलं घालायचं. पालक उकडून त्याचे तुकडे टाकायचे. उरलेलं काढून टाकायचं. साबण तर जवळपाससुद्धा नको. बाई बोलत होत्या आणि मी पुन्हा आठवीच्या बाकावर बसल्यासारखा ऐकत होतो.

"तिला हा हौद सापडला, आता मी निघाले," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरांकडे बघशील?"

बाई वर्गालाही पोरं म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. घराची किल्ली मुलानं घेतली होती. परसाच्या लोखंडी फाटकाची किल्ली बाईंनी माझ्या हातात दिली.

मी कामावरून सुटलो की खोलीवर न जाता कॅम्पची बस धरायला लागलो. पावसानं नेमकी तेव्हाच ओढ दिली. फेसाला वरून पिवळट साल धरायला लागली होती. मी हौदावर ओणवा होऊन पाणी शिंपडत बसायचो आणि पाठ भरून यायची. एक दिवस गेलो तर गोळा खालून ओघळला होता आणि पाण्यात काळ्या स्वल्पविरामांसारखी पिल्लं हलत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच बाईंना फोन लावला. मुलानं उचलला. आईला ऑपरेशननंतर पालथं झोपवलंय, फोन द्यायला मनाई आहे, म्हणाला. निरोप सांगा म्हटलं, पिल्लं पाण्यात आली. "हं हं," म्हणाला आणि ठेवला. कोणती पिल्लं, हेही विचारलं नाही.

एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर गेलं, बाईंचा पुण्यातला मुक्काम लांबला. श्रावण गेला. पिल्लं मोठी झाली. काही मेली, ती मी चहाच्या गाळणीनं काढून जास्वंदीखाली पुरली. उरलेल्यांना मागचे पाय फुटायला लागले. इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं.

बाईंच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. सगळे त्यांना सुभेदार काका म्हणतात. पावसाळाभर ते गावाकडे होते, गणपतीच्या तोंडावर परतले. एका संध्याकाळी मी फाटक लावून निघालो, हातात पालकाचा रिकामा डबा, बस सुटायला आलेली. भिंतीपलीकडून हाक आली.

"ए जवान! कोण तू?"

"बाईंचा विद्यार्थी, काका."

"बाई तर पुण्याला. मग तू काय करतो इथं?"

"पोरं आहेत ना मागे, त्यांना खायला घालायला येतो."

"पोरं? किती जण आहेत?"

"बरीच आहेत. काही गेली मधे. उरलीत ती धडधाकट आहेत."

"आणि रात्री कुठं असतात?"

"कुठं जाणार? इथंच. पाय फुटले की जातील आपली आपण."

बस दिसली म्हणून मी पळालो. मागे वळून पाहिलं असतं तर काकांचा चेहरा दिसला असता. नंतर त्यांनीच मला ऐकवलं, की वस्तूंना पाय फुटतात म्हणजे काय होतं हे त्यांना फौजेच्या स्टोअरमध्ये चांगलं कळलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात असताना बाईंच्या मुलाचा फोन आला.

"किती पोरं ठेवलीत आमच्या घरात?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू आलं. म्हटलं, "साहेब, बेडकाची पोरं. हौदात आहेत. बाईंनीच सांगितलंय."

"मला येडा समजतोस? बेडकांसाठी नाशिक रोडवरून रोज कोण येतं?"

"मी येतो."

"भाडं किती घेतोस त्यांच्याकडून? आज पोरं ठेवायची, उद्या लाइटबिल नावावर करायचं, परवा म्हणायचं आम्ही इथलेच. मला माहीत नाही का कब्जा कसा करतात?"

मी परत सांगितलं, अगदी सावकाश. हौदात भैकेर आहेत, म्हणजे बेडकाची पिल्लं, मागचे पाय आलेत, पुढचे येतील. मग तो म्हणाला, "थांब. तूच ना तो? माझ्या कॉटवर झोपायचास तो?"

"हो."

"तरीच."

फोन बंद. या 'तरीच'चा राग मला फोन ठेवल्यावर आला. सुट्टीत घरी यायचा तेव्हा त्याची कॉट त्याला मिळायची, मी पडवीत चटई टाकायचो. त्यानं कधी तक्रार केली नव्हती. पण ती कॉट त्यानं मनात जपून ठेवली होती, हे मला त्या एका शब्दानं कळलं. त्याला वाईट वाटलं असेल, मी समजू शकतो. समजू शकतो म्हणून राग कमी होत नाही.

त्या संध्याकाळी मी लाकडाची एक फळी घेऊन गेलो. बेडकाच्या पिल्लाचे पुढचे पाय आले की त्याला पाण्याबाहेर टेकायला जागा लागते. ते हवेत श्वास घ्यायला लागलेलं असतं. सिमेंटची गुळगुळीत उभी भिंत त्या वयाच्या पिल्लाला जमत नाही, ते पोहून पोहून थकतं. बेडूक बुडून मरतो. पाण्यात जन्मलेला बेडूक पाण्यात बुडून मरतो, हे मलाही बाईंनीच शिकवलेलं. आदल्या दिवशी एक-दोघांच्या कातडीखाली पुढच्या पायांची कोपरं दिसायला लागली होती. म्हणून फळी.

फाटकाला दुसरं कुलूप होतं. मोठं, नवं. माझं कुलूप त्याच्या खाली तसंच लटकत होतं.

सुभेदार काका भिंतीपाशी हातात काठी घेऊन उभेच होते.

"ऑर्डर आहे," म्हणाले. "किसी को अंदर नहीं छोडना."

"काका, तुम्ही आत जाऊन बघा. कुणी राहतंय का? कपडे वाळत आहेत का? चप्पल तरी आहे का?"

"पोरं हुशार असतात. लपतात."

"हौदात बघा."

"हौदात कशाला लपतील?"

"बघा तर खरं!"

माझा आवाज चढला. फौजी माणसावर चढवू नये इतका चढला. काका माझ्याकडे बघत राहिले, मग माझं कुलूप मला काढायला लावून, नवं स्वतः काढून आत गेले, आतून कडी लावायला विसरले नाहीत. हौदावर वाकले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि खोकला येईपर्यंत हसले.

"ही पोरं? आयला! आणि मी पुण्याला सांगितलं की दहा-बारा तरी असतील, मुच्छड!"

"काका, एखादं तरंगतंय का?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. हसू गेलं. "दोन आहेत. उलटी झालीत."

मी फळी भिंतीवरून आत दिली. काका ती घेईनात. आधी परवानगी, म्हणाले. फोन लावला, स्पीकरवर ठेवला. काकांनी मोठ्या आवाजात कळवलं, की गैरसमज झाला, पोरं म्हणजे बेडूक निघाले, सिव्हिलियन नाहीत.

वाटलं, आता तोही हसेल. तो म्हणाला, "काका, कुलूप उघडायचं नाही. उद्या माणूस पाठवतो. हौद फोडूनच टाकायचाय. घर बघायला लोक येणार आहेत, तिथं हे डबकं नको."

घर बघायला लोक येणार आहेत. बाईंचं घर. बाई तिकडे पालथ्या पडलेल्या.

मी फोनकडे तोंड करून म्हणालो, "बाईंशी एक मिनिट बोलू द्या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"आई झोपलीय."

आणि त्याच वेळी मागून, लांबून, बाईंचा आवाज आला. थकलेला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "कोण आहे रे?"

"कोणी नाही, आई," तो म्हणाला.

फोन बंद झाला.

मी लहान वाक्यं करतोय. तो मला ओळखत होता. त्यानं मला कॉटवरून ओळखलं होतं. त्याला माहीत होतं मी कोण आहे, कशासाठी उभा आहे, कुणी सांगितलं म्हणून उभा आहे. मला चोर म्हणाला असता, तरी चाललं असतं. चोर हा कुणीतरी असतो.

काकांनी फोन खिशात घातला. मग त्यांनी फाटकाबाहेर येऊन कुलूप पुन्हा लावलं, नीट ओढून बघितलं, आणि घरातून एक स्टूल आणून भिंतीला लावलं. "कुलूप नाही उघडायचं म्हणाला," ते म्हणाले. "मी उघडलेलं नाही. मी आता चहा प्यायला चाललो."

चांगला माणूस, असं कुणी म्हणेल. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. किल्ली खिशात असताना मला बाईंच्या घरात चोरासारखं भिंतीवरून चढायला लागलं, आणि वर मी त्याचे आभार मानायचे. मी आभार मानले. मला तशीच सवय आहे.

आत रंगाची एक रिकामी बादली होती. तिच्यात हौदाचंच पाणी घेतलं. माझ्याकडे तीच चहाची गाळणी. अंधार पडत होता, पिल्लं खाली शेवाळात शिरत होती. ज्यांना पाय होते ती मोठी आणि वेगवान. ज्यांना आधी न्यायला हवं होतं तीच हाताला लागत नव्हती. जेवढी आली तेवढी घेतली. फळी हौदात तिरकी टाकून ठेवली. निदान रात्रभर तरी उरलेल्यांना टेकायला मिळेल म्हणून. उद्या सुट्टी काढून लवकर येईन, बाकीची नेईन, असा हिशेब केला.

बसमध्ये बादली मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "मासे का?" मी म्हटलं, "पोरं." शेजारची बाई सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी लवकर गेलो. माणूस माझ्याही आधी आला होता. हौदाची एक बाजू पडलेली होती आणि पाणी धुण्याच्या दगडावरून परसभर पसरून मुरलं होतं. कावळे उतरले होते. सुभेदार काका भिंतीपलीकडे होते, मला बघून आत गेले. घणाचा माणूस चांगला होता, म्हणाला, "दादा, तुमचं काही होतं का हिच्यात? बोलले नाही कोणी." माझी फळी त्यानं जपून बाजूला ठेवली होती. जाताना घेऊन जा म्हणाला. मी चिखलात गुडघे टेकून जी हलत होती ती वेचली. थोडी होती.

त्या दुपारी मुलाचा निरोप आला, लेखी, मोबाइलवर. आईला यातलं काही कळवायचं नाही. तिला त्रास होईल. तिच्या डोळ्यांसाठी ते बरं नाही. खाली हात जोडल्याचं चित्र होतं.

मी दोन दिवस विचार केला. त्रास होईल हे खरं होतं. पण बाईंनी मला एक काम सांगितलं होतं, आणि काम सांगणाऱ्याला कामाचं काय झालं ते कळवायचं असतं. फोन त्याच्या हातात होता. पत्र त्याच्या हातात पडणार होतं, तेही खरं. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणजे ते त्यानंच मोठ्यानं वाचायचं. पण टपाल आलं की त्या आवाजावरून ओळखतात, आणि आलेलं पत्र वाचल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत. म्हणून पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, कारण वाक्यं लांब होत होती. शेवटी पाठवलं ते असं:

बाई, नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवत असेल. त्याला विनंती, की एकही शब्द गाळू नये. वाचताना मधला शब्द गाळला की तुम्हाला लगेच कळतं, हे वर्गातल्या आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यालाही माहीत असेल.

तुम्ही सांगितलेल्या कामाबद्दल लिहितो. फेस वाळू दिला नाही. पिल्लं पाण्यात उतरली. पालक खाल्ला. मागचे पाय सगळ्यांना आले. पुढचे पाय येत होते, तेव्हा फाटकाला दुसरं कुलूप लागलं. त्या दिवशी दोन बुडून मेली. मी फळी घेऊन बाहेर उभा होतो.

हौद आता नाही. तो फोडला. मी काही पोरं आदल्या संध्याकाळी बादलीतून नेली होती, थोडी नंतर चिखलातून वेचली. बाकीची गेली. ती कावळ्यांनी खाल्ली. तुम्ही आम्हाला निसर्गात असं होतंच म्हणून शिकवलं आहे, पण हे निसर्गानं केलं नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

घर बघायला लोक येणार आहेत असं कानावर आलं. ते तुम्हाला माहीत असेलच.

उरलेली पोरं माझ्या खोलीच्या गच्चीवर टबात आहेत. पाण्यात विटा रचून उतार केला आहे. काल एक विटेवर येऊन बसलं. शेपूट अजून थोडी आहे, पण श्वास बाहेरचा घेतं. अंगठ्याच्या नखाएवढं आहे आणि फार रागीट दिसतं.

त्यांना कुठं सोडायचं ते कळवा. तुमच्या परसात सोडायची असं माझ्या मनात होतं. फाटकाची किल्ली अजून माझ्याकडे आहे, ती मी फक्त तुमच्या हातात परत देईन.

तुम्ही उत्तर सांगा, मुलगा लिहून घेईल. अक्षर त्याचं असलं तरी वाक्यं तुमची असली की मला ओळखू येतात.

आणखी एक. त्या संध्याकाळी फोन चालू होता तेव्हा तुम्ही आतून विचारलंत, कोण आहे रे. तुम्हाला उत्तर चुकीचं मिळालं.

मी होतो.

तुमचा विद्यार्थी